मानशीचं दार

ऑक्सिजन ब्याऐंशी.
आकडा वहीत लिहिला, मग त्याचं बोट पुसून पुन्हा चिमटा लावला,
नखांत खाजनाची माती होती, म्हटलं यंत्र चुकत असेल.
यंत्र चुकत नव्हतं.
इनास फुर्तादो, वय एकसष्ट, हळदोण्याचा.
ताप आठ दिवस. मिनिटाला अडतीस श्वास.
गळ्याच्या खाचेत दरवेळी एक खळगा पडायचा
आणि भरून यायच्या आत पुन्हा पडायचा.

डॉक्टर कुंकळ्येकरांनी फिल्म उजेडावर धरली.
जिथं काळं असायला हवं तिथं पांढरं,
दोन्हीकडे, तळापासून वर चढत गेलेलं.
इनासनं मास्कमधून डोळे तिरपे केले,
म्हणाला, "खाजन बुडलां."
कुणी हसलं नाही. निदान बरोबर होतं.

विषाणूला मारेल असं आमच्याकडे फारसं नसतं,
असतं ते उशिरा पोचतं.
आम्ही वेळ उसना आणतो, तासातासाच्या बोलीनं.
नाकात दोन जाड नळ्या, कोमट दमट वारा,
मिनिटाला साठ लिटर.
आणि पालथं झोपायचं.

"पालथो?" तो म्हणाला. "नदीत पालथा तरंगतो तो मेलेला."
मी सांगितलं, फुप्फुसं पाठीकडे जास्त असतात,
पाणीही तिथंच साचलंय, वजन काढलं की मोकळी होतील.
तो बराच वेळ गप्प.
मग, "मानशीचं दार बघितलंयस, बाय?"
मी पेडण्याची, डोंगराकडची. आमच्याकडे काजू.
नाही म्हटलं.

"भरती आली
की पाणीच
दार लावतं.
ओहोटीला
पाणीच
उघडतं.
आपण फक्त
बघायचं
मधे काही
अडकलं नाही ना.
काठी.
नारळ.
एकदा
कुत्रं."

गप्प राहा म्हणायला हवं होतं मी. नव्याऐंशीचे पंच्याऐंशी झाले त्यात.

गुणो, सिस्टर आवेलिना, मी आणि शिकाऊ मुलगा.
एक उशी छातीखाली, एक कमरेखाली, पोट मोकळं.
नाकाच्या शेंड्याला व्हॅसलीन.
दोन-दोन तासांनी मान या कुशीची त्या कुशीला.
पहाटे तीनला एक्क्याण्णव.
एक्क्याण्णववर मी चहा प्यायले, उभ्यानंच.

चौथ्या रात्री एकोणऐंशी.
ट्रेमध्ये नळी काढून ठेवली होती.
भूलतज्ज्ञ स्टुलावर बसून त्याची छाती बघत राहिले,
अर्धा तास, हात मांडीवर.
मनगटातलं रक्त पुन्हा तपासलं. थांबू या, म्हणाले.
हे बरोबर होतं की नशीब,
मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

कारण चार नंबरला कोरगावच्या सत्यवती पालयेकर होत्या.
तोच वारा, तेच साठ लिटर, त्याच रात्री.
थांबलो, मग नळी घातली, मग यंत्र,
यंत्रावरही सोळा-सोळा तास पालथ्या.
सहाव्या दिवशी त्यांच्या मुलाला मी जिन्यात सांगितलं.
त्यानं विचारलं, "आईला कुशीवर झोपायची सवय होती, ठाऊक होतं का तुम्हाला?"
नव्हतं.
उशा धुवायला गेल्या. परत आल्या तेव्हा
कुठली कुणाची, ओळखता आली नाही.

इनास तेविसाव्या दिवशी गेला.
वॉर्डच्या दारापर्यंत चालत, दोनदा भिंत धरून.

सहा आठवड्यांनी फोन आला.
भाच्यानं म्हणे मानशीकडे बघितलंच नाही,
दारात नारळाची झावळी अडकली,
पुनवेची भरती सरळ आत. यंदा भात नाही.
सांगताना हसला, हसताना खोकला.
मी म्हटलं, आता बोलू नका. फोन तोंडाशी धरा,
नेहमीसारखा श्वास घ्या.

म्हापशाच्या बसस्टँडवर शुक्रवारच्या बाजाराची गर्दी,
चवरिसांच्या माळा, कुणाचा तरी कोंबडा पिशवीत.
एका कानावर तळवा दाबून,
घड्याळाकडे बघत,
मी पूर्ण मिनिटभर ऐकलं.